कॅरोलची आई

कर्ज फेडण्यासाठी लिहिलेले पुस्तक कधी चांगले उतरत नाही, असा आम्हा लेखकमंडळींत एक समज आहे. आयुष्यातली उमेदीची वर्षे बँकेत कर्जखाती तपासण्यात गेल्यामुळे आणि त्यातूनच वेळ चोरून कादंबऱ्या लिहिल्यामुळे हा समज मला दोन्ही बाजूंनी पारखून पाहता आला. कर्जाखाली पिचून गेलेली माणसे मी पाहिली, तशीच कर्ज डोक्यावर असल्यामुळेच कंबर कसून उभी राहिलेलीही पाहिली. पण पोटच्या पोरीसाठी कर्ज काढलेल्या एका बाईने त्या विवंचनेत लेखणी उचलली आणि थेट नोबेल पारितोषिकापर्यंत मजल मारली, असे उदाहरण मला एकच ठाऊक आहे. त्या बाई म्हणजे पर्ल बक.

‘द गुड अर्थ’ हे नाव माझ्या पिढीतल्या वाचकांना नवे नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या बांधणीतल्या त्या पुस्तकाच्या कार्डावर तारखांचे शिक्के मावत नसत. वांग लुंग नावाचा चिनी शेतकरी, त्याची अबोल, कष्टाळू बायको ओ-लान, दुष्काळ, टोळधाड आणि जमिनीची ओढ हे सारे वाचताना आपल्याच एखाद्या दुष्काळी तालुक्याची गोष्ट वाचतो आहोत असे वाटे. सिनेमाच्या शौकिनांना पर्लबाईंची आणखी एक ओळख सांगता येईल. देव आनंद यांच्या ‘गाइड’ची जी इंग्रजी आवृत्ती १९६५ साली निघाली, तिची पटकथा यांचीच. पण या विख्यात लेखिकेच्या घरात एक मूल होते आणि त्या मुलाबद्दल वीस वर्षे तिने जगाला अवाक्षर सांगितले नव्हते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. आज मला लेखिका पर्ल बक यांच्याबद्दल थोडे आणि कॅरोलच्या आईबद्दल अधिक सांगायचे आहे.

दोन देशांची लेक

पर्लचा जन्म २६ जून १८९२ रोजी अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियातल्या हिल्सबरो या गावी झाला. आईवडील चीनमध्ये धर्मप्रचाराचे काम करीत. रजेवर मायदेशी आले असताना ही मुलगी झाली आणि काही महिन्यांची असतानाच तिला घेऊन ते चीनला परतले. यांगत्से नदीकाठच्या चिनकियांग गावात ती वाढली. इंग्रजीच्या बरोबरीने चिनी भाषा तिच्या जिभेवर बसली. वडील धर्मकार्यात आकंठ बुडालेले, घरादाराकडे लक्ष नाही. आईच्या पोटी सात मुले झाली; त्यांतली चार लहानपणीच गेली. परक्या मुलखात एकामागून एक लेकरे पुरणारी आई पर्लने जवळून पाहिली होती. पुढे स्वतःच्या वाट्याला दुःख आले तेव्हा या मुलीला दुःखाची तोंडओळख आधीच झालेली होती, असे म्हणायला हरकत नाही.

शिक्षणासाठी ती अमेरिकेला गेली, १९१४ मध्ये पदवी घेऊन चीनला परतली आणि १९१७ साली जॉन लॉसिंग बक या तरुण शेतीतज्ज्ञाशी तिने लग्न केले. दोघे उत्तर आन्हवेई प्रांतातल्या एका कोरड्या, धुळीच्या गावी राहायला गेले. लॉसिंग शेतकऱ्यांच्या जमिनी, पिके आणि उत्पन्न यांच्या नोंदी घेत खेडोपाडी हिंडे. पर्लबाई दुभाषी म्हणून बरोबर असत. नवरा आकडे टिपून घेई आणि बायको माणसे. ‘द गुड अर्थ’ची जमीन त्या वर्षांत नांगरली गेली. पुढे लॉसिंगला नानकिंगच्या विद्यापीठात नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड तिकडे हलले.

मार्च १९२० मध्ये कॅरोलचा जन्म झाला. सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, पाहताक्षणी कोणीही उचलून घ्यावी अशी ही मुलगी. चिनी शेजारणी तिचे कौतुक करताना थकत नसत. पण बाळंतपणानंतर पर्लबाईंच्या गर्भाशयात गाठ असल्याचे निघाले. अमेरिकेला जाऊन शस्त्रक्रिया करावी लागली आणि पुन्हा आई होण्याची शक्यता संपली. म्हणजे ही पहिली मुलगी हीच शेवटची. बाईंनी सारा जीव तिच्यात गुंतवला, हे सांगायला नको.

दाराबाहेरचा डॉक्टर

मुलात काही कमी आहे हे आईला कधी कळते? मी जेवढ्या आयांना ओळखतो त्यांच्या सांगण्यावरून वाटते, की ते सर्वांत आधी तिलाच कळते आणि सर्वांत शेवटी तीच मान्य करते. कॅरोलच्या अंगावर तान्हेपणापासून इसबाचे चट्टे उठत. ती बसायला लागली उशिरा, चालायला लागली उशिरा. तीन वर्षांची झाली तरी बोलेना. धावायची ती नुसतीच, कशाच्या मागे नाही. नजर कशावर ठरायची नाही. काही मुले उशिरा बोलतात, असा धीर मैत्रिणी देत राहिल्या. हा धीर आपल्याकडेही प्रत्येक घरात मिळतो. अमक्याचा मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत मुका होता आणि आता वकील आहे, असे सांगणारी एखादी मावशी सगळीकडे असतेच. त्यात वाईट हेतू काहीच नसतो, फक्त वर्षे निघून जातात.

अखेर डॉक्टरांच्या सल्ल्यावरून पर्लबाई कॅरोलला घेऊन अमेरिकेला आल्या. मग सुरू झाली ती दारोदारची वणवण. मानसरोगतज्ज्ञ झाले, ग्रंथींचे तज्ज्ञ झाले, बालरोगतज्ज्ञ झाले. जवळचा पैसा संपत आला. कोणी तरी एक जण हे कोडे सोडवील, या आशेवर त्या पुढचे तिकीट काढीत राहिल्या. सगळ्या वाटा शेवटी मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावी, मेयो क्लिनिकपाशी येऊन थांबल्या.

तिथला प्रसंग पर्लबाईंनी पुढे लिहून ठेवला आहे. तपासण्यांचे ढीग झाल्यावर विभागाच्या प्रमुखांनी सौम्य शब्दांत सांगितले, की वाढ का खुंटली हे आम्हाला समजत नाही. आशा अगदीच सोडावी असेही त्यांनी म्हटले नाही. बाई मुलीचा हात धरून बाहेर पडल्या. रिकाम्या मार्गिकेत एक बुटके, चारचौघांत उठून न दिसणारे डॉक्टर त्यांची वाट पाहत उभे होते. त्यांच्या इंग्रजीला जर्मन वळण होते. ते जवळजवळ रागावल्यासारखे बोलले. ही मुलगी कधीही बरी होणार नाही. जे तुम्हाला खोटी आशा दाखवतात ते तुमच्यावर अन्यायच करतात. हिच्यापायी स्वतःला आणि घराला संपवू नका. ती जिथे आनंदात राहील अशी जागा शोधा आणि आपले आयुष्य जगा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पर्लबाईंचे आतडे तुटले. बाहेर पडल्यावर त्यांना धड चालताही येईना. कॅरोल मात्र आपल्याच नादात उड्या मारीत होती. आईचा चेहरा वेडावाकडा झालेला पाहून तिला हसू फुटले.

त्या डॉक्टरांचे नाव बाईंना कधीच कळले नाही. पण आयुष्यभर त्या त्यांच्या ऋणी राहिल्या. मऊ बोलणाऱ्यांनी त्यांना गावोगाव फिरवले आणि कठोर बोलणाऱ्याने थांबवले. जखम एकदाच, पण स्वच्छ झाली. सत्य कसे सांगावे याबद्दल आजचे डॉक्टर अधिक विचार करतात, ते योग्यच आहे. मार्गिकेत उभे राहून एका वाक्यात कोणाचे जग उलटेपालटे करू नये. पण सांगावे की सांगू नये, हा प्रश्न त्या अनामिक गृहस्थांनी निकालात काढला होता.

घामेजलेले तळवे

आशा सोडली म्हणून प्रयत्न सुटत नाहीत. लॉसिंग कॉर्नेल विद्यापीठात शिकत होता. पर्लबाईंनीही तिथून एम. ए. केले. १९२५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका अनाथालयातून जॅनिस नावाची तान्ही मुलगी दत्तक घेतली. मग सारे नानकिंगला परतले आणि बाईंनी कॅरोलला स्वतः शिकवायचे ठरवले. हिला कितपत जमेल, हे आपल्यालाच शोधून काढले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. रोज धडे, रोज सराव. चिकाटीने कॅरोल थोडी सोपी वाक्ये वाचायला लागली, आपले नाव कसेबसे लिहायला लागली. रंग ओळखायला शिकली.

एके दिवशी अक्षर गिरवून घेताना बाईंनी मुलीचा उजवा हात हातात घेतला. तो घामाने चिंब झालेला होता. त्यांनी दुसरी मूठ उघडून पाहिली, तीही तशीच. त्या क्षणी त्यांच्या लक्षात आले, की मुलीला यातले काहीच कळत नाही आणि त्याची गोडीही नाही. आई खूश व्हावी म्हणून हा लहान जीव आपली सारी शक्ती पणाला लावतो आहे. बाईंनी पुस्तके मिटली आणि ती पुन्हा उघडली नाहीत.

या बाईंच्या चरित्रातला हा प्रसंग मला नोबेलच्या समारंभाहून मोठा वाटतो. मुलाच्या प्रगतीचा ध्यास कुठवर मुलासाठी असतो आणि कुठून आपल्यासाठी सुरू होतो, ही सीमारेषा धडधाकट मुलांच्या आईबापांनाही सापडत नाही. आपल्याकडे दहावीच्या वर्षात घरोघर किती तळवे घामेजतात, ते कोणी उघडून पाहत नाही एवढेच. पर्लबाईंनी मूठ उघडून पाहिली. त्यानंतर कॅरोल काय करू शकत नाही याची मोजदाद त्यांनी थांबवली आणि तिला काय आवडते हे पाहायला सुरुवात केली. तिला संगीत आवडे. ग्रामोफोनच्या तबकड्यांपुढे ती तासन् तास रमे आणि आपल्या आवडीची तबकडी नेमकी ओळखून काढी.

लोकांच्या नजरांचा अनुभव मात्र दुहेरी होता. चिनी माणसे अशा मुलाकडे दैवाची एक गोष्ट म्हणून पाहत. लपवाछपवी नाही, दूर लोटणे नाही. याउलट शांघायच्या रस्त्यात दोन तरुण अमेरिकन बायकांपैकी एकीने कॅरोलकडे टक लावून पाहत तिला वेडी ठरवणारा शब्द उच्चारला, तो पर्लबाईंच्या जिव्हारी लागला. मुलीचे आपल्या माघारी कसे होईल, ही काळजी त्यांच्या मनात होतीच. आपल्याच मायदेशी तिला ठेवायचे तर कोणत्या जगात ठेवतो आहोत, हेही आता दिसले.

दोन हजार डॉलर

मार्च १९२७ मध्ये नानकिंगमध्ये सैन्य घुसले आणि परदेशी लोकांची घरे लुटली जाऊ लागली. बक कुटुंबाला एका गरीब चिनी बाईने आपल्या झोपडीत लपवले. बाहेर गोळीबार चाललेला आणि आत श्वास रोखून बसलेले सारे घर. गप्प बस हे जिला समजावून सांगता येत नाही अशी सात वर्षांची मुलगी सोबत असताना तो दिवस त्या आईने कसा काढला असेल, याची कल्पना करून पाहावी. संध्याकाळनंतर सुटका झाली. घरातले पर्लबाईंच्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित नष्ट झाले होते. जपानमध्ये काही महिने काढून कुटुंब पुन्हा नानकिंगला आले. पण त्या दिवसाने एक गोष्ट शिकवली. आपण उद्या नसू, आणि तेव्हा कॅरोलचे काय?

१९२९ साली नऊ वर्षांच्या कॅरोलला घेऊन त्या अमेरिकेत संस्था पाहत हिंडल्या. काही ठिकाणी मुलांना गोणपाटासारखे जाडेभरडे कपडे घालून बाकांवर ओळीने बसवलेले पाहिले आणि त्या तिथून पळत सुटल्या. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड ट्रेनिंग स्कूलमध्ये मात्र त्यांचे पाऊल थबकले. तिथली मुले मोकळी होती. संचालक एडवर्ड जॉन्स्टन यांच्याजवळ ती न घाबरता जात, त्यांना काका म्हणत. मूल आधी आनंदात असले पाहिजे, बाकीचे त्यामागून येते, हे त्या शाळेचे सूत्र होते.

या शाळेला आणखीही एक इतिहास आहे, तो झाकून ठेवू नये. बुद्धिमापनाची चाचणी अमेरिकेत रुजवणारे हेन्री गॉडर्ड विसाव्या शतकाच्या आरंभी इथेच संशोधन करीत. मतिमंदत्व हे वाईट रक्तातून पिढ्यान् पिढ्या उतरते, असे सांगणारे त्यांचे १९१२ सालचे एका कुटुंबावरचे पुस्तक गाजले आणि पुढे शास्त्राच्या कसोटीवर पार कोसळले. पण तोवर अशा मुलांच्या घरांवर कलंकाचा शिक्का बसला होता. पर्लबाईंनी मुलीचे नाव वीस वर्षे जगापासून दूर ठेवले, त्याचा विचार करताना तो काळ कसा होता हे विसरून चालत नाही.

व्हाइनलँडचा खर्च परवडणारा नव्हता. लॉसिंगच्या पगारात ते बसत नव्हते आणि त्याचा हातही आखडता होता. मिशन मंडळाशी संबंधित एका बाईंनी पर्लबाईंना दोन हजार डॉलरचे कर्ज दिले. दोन वर्षांची सोय झाली. तारण काय? काहीच नाही. एका पुस्तकाचे हस्तलिखित न्यूयॉर्कच्या दलालाकडे पडून होते आणि अनेक प्रकाशकांनी ते परत पाठवलेले होते. माझ्यासारख्या अधिकाऱ्यापुढे असा अर्ज आला असता तर त्यावर प्रतिकूल शेरा पडला असता, हे मी बँकेच्या नियमांना स्मरून सांगतो. त्या अमेरिकन बाईंनी माणूस पाहून पैसे दिले. याच मुक्कामात ते हस्तलिखित स्वीकारल्याची बातमी आली. ‘ईस्ट विंड : वेस्ट विंड’ १९३० मध्ये निघाले.

कॅरोलला शाळेत सोडून, धाकट्या जॅनिसला घेऊन पर्लबाई नानकिंगला परतल्या. घर खायला उठले. ज्या घरात नऊ वर्षे एका मुलीमागे धावण्यात दिवस जात होता, तिथे आता सकाळी करायला काही नव्हते. जॅनिसला शाळेत पाठवून त्या माळ्यावरच्या खोलीत, डोंगर दिसणाऱ्या खिडकीशी टंकलेखन यंत्र घेऊन बसल्या आणि थोड्या महिन्यांत ‘द गुड अर्थ’ लिहून झाले. मार्च १९३१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. अमेरिकेत महामंदी चाललेली असताना सलग दोन वर्षे ते सर्वाधिक खपाचे पुस्तक ठरले. १९३२ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले, १९३८ मध्ये साहित्याचे नोबेल. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. पैसा आला तेव्हा बाईंनी आधी कॅरोलच्या कायमच्या सोयीचे पाहिले. व्हाइनलँडला एक छोटे घर बांधायला त्यांनी देणगी दिली. कॅरोल त्यात राहू लागली.

ज्यांनी ‘द गुड अर्थ’ वाचले असेल त्यांना वांग लुंगची थोरली मुलगी आठवत असेल. दुष्काळात जन्मलेली, कधीच न बोललेली, भिंतीशी उन्हात बसून कापडाच्या चिंधीशी खेळत हसणारी. घरात कोणालाही तिची आठवण नसते, बापाला असते. म्हातारपणी त्याला एकच घोर लागतो. आपण गेल्यावर हिला कोण जेवू घालील, पावसात घरात कोण घेईल? तो पेअर ब्लॉसम या आपल्या तरुण सोबतिणीच्या हाती विषाची पुडी देतो आणि आपल्या मरणानंतर पोरीच्या भातात ती कालवायला सांगतो. ती मुलगी म्हणते, की माझ्याने किडामुंगीही मारवत नाही. मी हिला माझी म्हणून सांभाळीन. चिनी शेतकऱ्याची ही गोष्ट वाचून जग हळहळले. ती लिहिणारी बाई स्वतःचाच प्रश्न कागदावर मांडत होती, हे मात्र त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते.

हा प्रश्न मला बँकेच्या काउंटरवर अनेकदा भेटला आहे. तालुक्याच्या एका शाखेत दर महिन्याला पेन्शन घ्यायला येणारे एक निवृत्त गृहस्थ होते. सोबत तिशीतली मुलगी असे; ती वडिलांच्या सदऱ्याचे टोक धरून उभी राही. एकदा त्यांनी विचारले, की तुमच्याकडे सर्वांत लांब मुदतीची ठेव किती वर्षांची? मी दहा वर्षे म्हणून सांगितले. त्यावर ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. त्यांना ठेव हवी होती चाळीस-पन्नास वर्षांची, आणि व्याजाबरोबर एक माणूसही हवा होता. तशी योजना कोणत्याच बँकेकडे नव्हती.

तेव्हापेक्षा आज थोडा आधार आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबापांचे कायदेशीर पालकत्व आपोआप संपते; पण १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्यापाठोपाठ २०१६ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा आला. एक गोष्ट मात्र माझ्या जुन्या धंद्याला स्मरून सांगतो. खात्याला नॉमिनी लावला म्हणजे सोय झाली असे समजू नये. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त, मालकी वारसांची. मुलासाठी काही ठेवायचे असेल तर नीट मृत्युपत्र किंवा न्यास करावा आणि माणसे आपल्या हयातीतच ठरवून, त्यांना विचारून ठेवावीत.

कारण सापडले, उशिरा

१९३५ मध्ये पर्लबाईंनी लॉसिंगपासून घटस्फोट घेतला आणि आपले प्रकाशक रिचर्ड वॉल्श यांच्याशी लग्न केले. पेनसिल्व्हेनियातल्या पर्कसी गावाजवळच्या शेतावर त्यांनी आणखी मुले दत्तक घेतली. मिश्र वंशाच्या ज्या मुलांना कोणी घ्यायला तयार नव्हते त्यांच्यासाठी १९४९ साली ‘वेलकम हाउस’ ही संस्था काढली. आणि १९५० मध्ये, कॅरोल तीस वर्षांची झाल्यावर, त्यांनी प्रथमच तिच्याविषयी एका महिलांच्या मासिकात लिहिले. त्याचेच ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्रू’ हे छोटे पुस्तक झाले. नामवंत बाईने उघडपणे असे लिहिल्यामुळे कितीतरी घरांची बंद दारे किलकिली झाली. देशभरातून आईबापांची पत्रे आली. आपण एकटे नाही, एवढे कळणेही मोठे औषध असते.

पण कॅरोलला झाले होते तरी काय? त्याचे उत्तर एका दुसऱ्या आईच्या हट्टातून सापडले. नॉर्वेमधल्या बोर्गनी एगेलँड यांची दोन्ही मुले अशीच होती आणि त्यांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येई. बाईंनी डॉक्टरांचा पिच्छा सोडला नाही. १९३४ मध्ये आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी त्या मुलांची लघवी तपासली. एक रसायन घालताच ती हिरवी झाली आणि एका नव्या विकाराचा शोध लागला. फेनिलकीटोन्यूरिया, म्हणजे पीकेयू. या मुलांच्या यकृतात एक विकर नीट काम करीत नाही. त्यामुळे प्रथिनांतले फेनिलॲलनिन रक्तात साचत जाते आणि वाढत्या मेंदूला मारक ठरते. दूध, अंडी, मांस, डाळी म्हणजे आई ज्या मायेने लेकराला भरवते तेच त्याला बाधते. अंगावर इसब, आणि घरच्यांपेक्षा गोरा रंग व फिकट केस ही त्याचीच लक्षणे. शेजारणी ज्या सोनेरी केसांचे कौतुक करीत होत्या, ते सौंदर्यही कदाचित आजारानेच दिलेले असेल.

विकार आईबाप दोघांकडून येतो. दोघेही धडधाकट, दोघांकडेही एक एक सदोष जनुक. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलात चारात एक इतकी त्याची शक्यता. यात रक्त वाईट नसते, पाप नसते, आईच्या गरोदरपणातली चूकही नसते. पन्नाशीच्या दशकात इंग्लंडमध्ये हॉर्स्ट बिकेल यांनी फेनिलॲलनिन कमी असलेला आहार देऊन पाहिला आणि मुलात सुधारणा दिसली. मग अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर होणारी सोपी चाचणी काढली. गथ्री यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता आणि नात्यातल्या एका मुलीला पीकेयू होता. १९६३ पासून ही चाचणी अमेरिकेत राज्यामागून राज्यात सक्तीची होत गेली. जन्मल्याबरोबर निदान होऊन पथ्य पाळलेली मुले आज शिकतात, नोकऱ्या करतात. आपल्याकडे नवजात बाळांची ही तपासणी अजूनही सर्रास होत नाही; प्रसूतीच्या वेळी डॉक्टरांना तिच्याविषयी विचारायला हवे.

कॅरोलचे निदान झाले तेव्हा ती चाळिशी ओलांडून गेली होती. कारण कळले, पण उपयोग नव्हता. १९३४ मध्ये शोध लागला तेव्हाच ती चौदा वर्षांची होती आणि मेंदूचे नुकसान कधीच होऊन गेले होते.

मुलीला संस्थेत ठेवले म्हणून पर्लबाईंवर टीका झाली, अजून होते. जगभर गावच्या पुस्तकांत शोभेल एवढे लिहिणारी, दुसऱ्यांची मुले घरी आणणारी बाई स्वतःच्या मुलीला दूर ठेवते, असे म्हणणे सोपे आहे. अशा मुलांनी आपल्या माणसांत, आपल्या वस्तीत राहावे, असे आजचे शास्त्रही सांगते आणि ते बरोबर आहे. पण १९२९ साली वस्तीत त्यांच्यासाठी काय होते? शाळा नव्हती, मदतनीस नव्हते, कायदा नव्हता. शिवाय बाईंनी मुलगी ठेवून पाठ फिरवली नाही. त्या शाळेच्या विश्वस्त मंडळावर काम केले, भेटीगाठी ठेवल्या, पैसा पुरवला. निर्णय त्यांनाही जन्मभर टोचत राहिला. तो टोचत राहिला, यातच त्या आईचे प्रामाणिकपण आहे, असे मला वाटते.

६ मार्च १९७३ रोजी व्हरमाँटमधल्या डॅनबी इथे पर्लबाई वारल्या. पर्कसीच्या शेतावर त्यांना मूठमाती दिली गेली. दगडावर त्यांचे नाव चिनी अक्षरांत आहे. सत्तरहून अधिक पुस्तके मागे राहिली, आणि त्रेपन्न वर्षांची कॅरोल.

जॅनिस, ती दत्तक घेतलेली तान्ही मुलगी, मोठी होऊन व्यवसायोपचारतज्ज्ञ झाली होती. अपंगांना रोजची कामे करायला शिकवणे हाच तिचा पेशा. आईनंतर कॅरोलची कायदेशीर पालक तीच झाली. वांग लुंगला कादंबरीत पेअर ब्लॉसम भेटली, पर्लबाईंना घरातच जॅनिस मिळाली. कॅरोल आईच्या माघारी आणखी एकोणीस वर्षे जगली. १९९२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, ती व्हाइनलँडलाच गेली. दोन हजार डॉलरच्या उसन्या पैशावर दोन वर्षांसाठी मिळालेली ती जागा तिला त्रेसष्ट वर्षे पुरली.